सोलापूरचा मुद्दा सभागृहात कसा न्यावा : तारांकित प्रश्नाची तयारी, पायरीपायरीने

आमदारांना निवेदन दिले, देतानाचा फोटो निघाला, दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या. त्यानंतर त्या कागदाचे काय होते? बहुतेक वेळा आमदार 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असे पत्र जोडून तो ज्या कार्यालयाबद्दल तक्रार आहे त्याच कार्यालयाकडे पाठवतात. विधिमंडळात विचारलेल्या प्रश्नाचे तसे होत नाही. तिथे मंत्र्याला उत्तर द्यावे लागते, ते छापले जाते आणि त्यासाठी मंत्रालयातून थेट जिल्हा परिषदेला किंवा महापालिकेला विचारणा होते. पूनम गेटच्या आत, म्हणजे जिल्हा परिषदेत, किंवा इंद्रभवनात, म्हणजे महापालिकेत, 'एलएक्यू (विधानसभेचा प्रश्न) आलाय' म्हटले की इतर फायली बाजूला पडतात, त्याचे कारण हेच.

पालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, अंगणवाडी सेविकांच्या संघटना, बचत गट, वस्ती समित्या, ज्यांनी हे काम आधी केलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचे उत्तर मंत्र्याकडून सभागृहात तोंडी मागितले जाते तो. प्रश्न आमदार विचारतात हे खरे, पण तो टिकेल की पडेल हे सोलापुरातच, तुमच्या कागदांवर ठरते.

१. आधी ठरवा : हा प्रश्नाचा विषय आहे का?

एकट्याचे काम अडले असेल तर विधिमंडळ ही जागा नव्हे. उत्पन्नाचा दाखला मिळत नाही, रेशनकार्डात नाव चढत नाही, जन्माच्या नोंदीत चूक आहे, अशा कामांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू होतो. सेवा अधिसूचित असेल आणि मुदत उलटली असेल तर ३० दिवसांत पहिले अपील करा. मग दुसरे अपील, आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद या कायद्यात आहे. हा रस्ता आमदारांच्या दारावरून जात नाही आणि पुष्कळदा लवकर संपतो.

प्रश्न तेव्हा विचारावा, जेव्हा तीच अडचण अनेकांची असते, खालच्या कार्यालयाने लेखी कळवूनही काही केलेले नसते, किंवा निर्णयच मंत्रालयात अडकलेला असतो. एका विधवा बाईचे अनुदान थांबले हा प्रश्न होत नाही. तालुक्यातल्या सगळ्याच लाभार्थींचे अनुदान अमुक महिन्यापासून थांबले, हा होतो.

न्यायालयात चालू असलेले प्रकरण टाळा. त्यावरचा प्रश्न सहसा स्वीकारला जात नाही.

२. विभाग अचूक शोधा

सर्वांत जास्त प्रश्न इथे फसतात. विभाग चुकला तर प्रश्न एका खात्याकडून दुसऱ्याकडे फिरतो आणि तेवढ्यात अधिवेशन संपते. नावावरून अंदाज बांधू नका. पैसा आणि पद कोणाच्या अखत्यारीत आहे ते पाहा. सोलापुरात हमखास चुकणाऱ्या जागा या :

सिव्हिल हॉस्पिटल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. तिथल्या औषधटंचाईचा, बंद यंत्राचा किंवा रिक्त पदांचा प्रश्न वैद्यकीय शिक्षण विभागाकडे जातो. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय यांचा प्रश्न सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. महापालिकेच्या दवाखान्यांचा आणि प्रसूतिगृहांचा नगरविकासकडे.

'महिलांची योजना' म्हटले की लोक महिला व बाल विकास विभाग लिहून मोकळे होतात. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण, लेक लाडकी, बालसंगोपन आणि अंगणवाड्या त्या विभागाच्या आहेत, हे बरोबर. पण संजय गांधी निराधार अनुदान योजना, जिच्यात विधवा व परित्यक्ता महिला मोठ्या संख्येने आहेत, ती सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाची आहे आणि तिची कागदपत्रे तहसीलमध्ये असतात. पाचवी ते बारावीच्या मुलींच्या मोफत एसटी पासची तक्रार परिवहन विभागाची. शालेय शिक्षण विभागाकडे ती नेऊन उपयोग नाही.

शहरातली अंगणवाडी महापालिकेची नसते. नागरी बाल विकास प्रकल्प राज्याच्या एकात्मिक बाल विकास सेवा योजना आयुक्तालयाखाली चालतात. ग्रामीण अंगणवाड्या जिल्हा परिषदेच्या महिला व बाल कल्याण विभागामार्फत चालतात. प्रश्न दोन्हींचा महिला व बाल विकास मंत्र्यांनाच जातो. माहिती मागायचे कार्यालय मात्र वेगळे.

हद्द हा आणखी एक घोळ. कुंभारीची वसाहत शहराला लागून वाढली असली तरी कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यातली ग्रामपंचायत आहे. तिथल्या शाळेचा कागद जिल्हा परिषदेत मिळेल, इंद्रभवनात मिळणार नाही. पत्त्यात 'सोलापूर' असले म्हणजे महापालिका, असे समजू नका.

पाणी तर तीन घरांत वाटलेले आहे. उजनीतून कधी आणि किती पाणी सोडायचे हे जलसंपदाचे, शहराच्या जलवाहिनीचे आणि वितरणाचे नगरविकासचे, गावच्या नळयोजनेचे पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाचे. 'शहराला अमुक दिवसांआड पाणी येते' हा प्रश्न जलसंपदा मंत्र्यांना घातला तर 'धरणातून पुरेसे पाणी सोडण्यात आले आहे' एवढेच उत्तर मिळेल, आणि ते खरेही असेल.

विडी कामगारांचा भविष्य निर्वाह निधी, त्यांच्या मुलांची केंद्रीय कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती, केंद्रीय विद्यालय, रेल्वे, टपाल, राष्ट्रीय महामार्ग हे विषय केंद्राचे. त्यासाठी पायरी ९ पाहा.

३. कोणत्या सदस्याकडे जायचे

जिल्ह्यात विधानसभेचे ११ मतदारसंघ आहेत : करमाळा, माढा, बार्शी, मोहोळ, सोलापूर शहर उत्तर, सोलापूर शहर मध्य, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, पंढरपूर, सांगोला, माळशिरस. शहराची वस्ती तीन मतदारसंघांत विभागलेली आहे. जुळे सोलापूरमधले कितीतरी मतदार दक्षिण सोलापुरात येतात. मतदार यादीत खात्री करून घ्या. दुसऱ्याच्या मतदारसंघातला विषय घेताना आमदार बिचकतात, मग नियमात तशी आडकाठी नसली तरी.

तुमचे आमदार मंत्री असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारू शकत नाहीत, कारण उत्तर देणाऱ्या बाकावर तेच बसलेले असतात. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघाचे आमदार गाठा.

शिक्षणाच्या विषयासाठी आणखी एक दार आहे, ते बहुतेकांना आठवत नाही. विधान परिषदेत पुणे विभागाचा शिक्षक मतदारसंघ आणि पदवीधर मतदारसंघ आहे. दोन्हींत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरसोबत सोलापूर जिल्हा येतो. शिक्षक आमदारांच्या कार्यालयाला संच मान्यता (शाळेला मंजूर होणारी शिक्षकांची पदे), शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली), पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीचे संकेतस्थळ) हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत, विधानसभेत २८८. वेळेच्या स्पर्धेचा हिशेब तुम्हीच करा.

सत्ताधारी की विरोधी? विरोधी सदस्य प्रश्न हौसेने लावतात आणि गाजवतात. सत्ताधारी सदस्याचा प्रश्न गाजत नाही, पण काम मंत्र्यांच्या दालनात सुटण्याची शक्यता तिथे जास्त असते. चौकशी हवी असेल तर विरोधी सदस्य, निधी किंवा पद हवे असेल तर सत्ताधारी, असे माझे मत. एकाच प्रश्नावर अनेक सदस्यांची नावे असू शकतात, तेव्हा दोघांकडे द्यायलाही हरकत नाही. फक्त दोघांनाही तसे सांगून ठेवा. न सांगता दिलेला मसुदा दुसऱ्याच्या नावाने यादीत दिसला की पुढच्या वेळी दार उघडत नाही.

४. कागद गोळा करा

आमदारांचे स्वीय सहायक, म्हणजे पीए, पहिल्यांदा विचारतात ते 'पुरावा काय?' हेच. फाइलमध्ये एवढे हवे :

- संबंधित कार्यालयाला दिलेले अर्ज, प्रत्येकावर पोहोच, आवक क्रमांक आणि तारीख
- माहिती अधिकारात मिळालेले उत्तर, सहपत्रांसह
- ज्या शासन निर्णयाचा भंग होतो तो निर्णय, त्याच्या १८ अंकी सांकेतांकासह
- शाळा असेल तर ११ अंकी युडायस क्रमांक, चालू संच मान्यतेची प्रत, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव
- अंगणवाडी असेल तर प्रकल्पाचे नाव, बीट (पर्यवेक्षिकेचे कार्यक्षेत्र), केंद्राचा क्रमांक, पटावरील मुले
- योजना असेल तर किती लाभार्थींना कोणत्या महिन्यापासून लाभ नाही, याचा तक्ता
- तारीख दिसेल असे फोटो, ४-५ पुरेत
- बातमीचे कात्रण, असल्यास

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव हा स्वस्तातला आणि भक्कम पुरावा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे ठराव करणे पालकांच्या हातात आहे. मुख्याध्यापकांची सही आणि इतिवृत्तातील पान क्रमांक मात्र घ्या.

माहिती अधिकाराचा अर्ज लवकर टाका, कारण सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागतो. जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. तीन विषय कोंबलेले अर्ज त्याच कारणावरून परत येतात. पहिल्या अपिलाला २० रुपये.

'का केले नाही' असे त्या अर्जात विचारू नका. त्याला 'माहिती' म्हणत नाहीत आणि जन माहिती अधिकारी तेवढ्यावरच नकार देतात. 'अमुक शाळेची मंजूर, कार्यरत व रिक्त पदे. रिक्त पदाबाबत या कार्यालयाने वरिष्ठांना पाठविलेल्या पत्रांच्या प्रती' असे मागा. प्रती मागितल्या की कोणाच्या टेबलावर किती दिवस कागद पडला ते आपोआप दिसते. अर्ज तालुक्याला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक) किंवा (माध्यमिक) यांच्याकडे. दोन्हींकडे एकाच वेळी टाकला तर आकड्यांतली तफावत हाती लागते, आणि तफावत हाच कधीकधी प्रश्नाचा गाभा होतो.

लाभार्थींच्या तक्त्यात आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल नंबर घालू नका. लहान मुलांची नावे तर अजिबात नकोत. संख्या पुरते. ही फाइल किती हातांतून जाईल सांगता येत नाही.

५. मसुदा लिहा

तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. सुरुवात 'सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' अशी, मग क्रमांक घातलेले भाग, आणि शेवटी विलंबाची कारणे. तुम्ही याच साच्यात मसुदा दिलात तर पीएचे काम वाचते आणि तुमचा कागद ढिगाऱ्यात वर येतो.

लोक असे लिहून नेतात : 'अक्कलकोट तालुक्यातील शाळांची दुरवस्था झाली असून शिक्षक नाहीत, इमारती पडायला आल्या आहेत व अधिकारी झोपले आहेत, हे खरे आहे काय?' याचे उत्तर तीन शब्दांत येते : 'हे खरे नाही.' पुढच्या प्रत्येक भागाला 'प्रश्न उद्भवत नाही.' झाले, अधिवेशन गेले.

विभाग लबाडी करतो म्हणून असे होते, असे दर वेळी नाही. एका वाक्यात तीन विधाने आहेत. त्यातले एक जरी चुकीचे निघाले तरी संपूर्ण भागाला नकार देता येतो. आणि 'झोपले आहेत' हा आरोप आहे. टोमणे, विशेषणे आणि अनुमाने असलेला प्रश्न विधानमंडळ सचिवालयातच अडतो.

तोच विषय असा लिहावा. कंसातली जागा तुमच्या कागदांवरून भरा; आकडे नमुन्याचे आहेत :

*(१) अक्कलकोट तालुक्यातील मौजे (गाव) येथील जिल्हा परिषद कन्नड प्राथमिक शाळेत सन (वर्ष) च्या संच मान्यतेनुसार शिक्षकांची ४ पदे मंजूर असून त्यापैकी २ पदे माहे (महिना, वर्ष) पासून रिक्त आहेत, हे खरे आहे काय;*

*(२) असल्यास, सदर पदे भरण्याबाबत शाळा व्यवस्थापन समितीने दिनांक (तारीख) रोजी वा त्यासुमारास गटशिक्षणाधिकारी, अक्कलकोट यांच्याकडे लेखी मागणी केली आहे, हे ही खरे आहे काय;*

*(३) असल्यास, उक्त मागणीनुसार रिक्त पदे भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;*

*(४) अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळांतील मंजूर, कार्यरत व रिक्त पदांची शाळानिहाय संख्या किती आहे;*

*(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?*

यात काय साधले ते पाहा. पहिल्या भागात एकच वस्तुस्थिती आहे आणि ती त्यांच्याच कागदावरची आहे. 'होय' म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. 'रोजी वा त्यासुमारास' हे शब्द सोडू नका. अर्ज १२ तारखेला दिला आणि आवक १४ तारखेला झाली, एवढ्यावरून 'हे खरे नाही' असे उत्तर देता येते. चौथा भाग महत्त्वाचा : एका शाळेवरून विषय दोन तालुक्यांवर जातो, त्यामुळे 'हा स्थानिक, किरकोळ विषय आहे' म्हणून प्रश्न नाकारणे अवघड होते, आणि पुढच्या लढाईला लागणारे आकडे सरकारच देते.

आणखी एक खुबी. पहिल्या भागात शिक्षण हक्क कायद्यातले विद्यार्थी-शिक्षक प्रमाण, म्हणजे पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक, लिहिण्याचा मोह होतो. पण पदे मंजूर होतात ती संच मान्यतेने, आणि तिचे निकष १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने बदलले आहेत. तुम्ही कायद्याचे प्रमाण लिहिले तर विभाग संच मान्यता पुढे करून 'हे खरे नाही' म्हणेल. निकषांवर भांडायचे असेल तर त्यासाठी स्वतंत्र प्रश्न करा. रिक्त पद आणि कमी मंजूर पद ही दोन वेगळी दुखणी आहेत, एका मसुद्यात घालू नका.

अंगणवाडीच्या पोषण आहारालाही हेच लागू. 'आहार निकृष्ट आहे' हे मत झाले. ३ ते ६ वर्षांच्या मुलाला रोज किती किलोकॅलरी आणि किती प्रथिने द्यायची याचे प्रमाण ठरलेले आहे. अमुक प्रकल्पात अमुक महिन्यात किती दिवस आहार दिला गेला नाही, किंवा पाकिटावरची मुदत संपलेली होती, हे नोंदवहीवरून लिहा. महिला व बाल विकासच्या प्रश्नात दिवसांची संख्या हा सर्वांत भक्कम आकडा.

लाडकी बहीणसारख्या योजनेत आकडे लिहिताना जपून. दरमहा १,५०० रुपये, वय २१ ते ६५, कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत हे निकष सर्वांना पाठ आहेत. पण 'पैसे आले नाहीत' यामागे आधार बँकेला जोडलेले नसणे, ई-केवायसी राहणे, अर्ज अपात्र ठरणे अशी वेगवेगळी कारणे असतात. सगळ्या तक्रारी एकत्र दिल्या तर उत्तर 'तांत्रिक कारणास्तव' असे दोन शब्दांत गुंडाळले जाते. कारणानुसार गट पाडा आणि ज्या गटात चूक निव्वळ कार्यालयाची आहे तेवढाच प्रश्नात घ्या. बाकीच्या बायकांची कामे बँकेत आणि सेतूत होतील.

मसुदा एका पानात बसवा. देवनागरी युनिकोडमध्ये टाइप करून वर्ड फाइल आणि छापील प्रत दोन्ही द्या. जुन्या फॉन्टमधली फाइल मुंबईत उघडली की नुसती चिन्हे दिसतात.

६. कोणते आयुध मागायचे

*तारांकित प्रश्न* : तोंडी उत्तर, त्यावर उपप्रश्न. प्रश्नोत्तराच्या तासात यादीतले मोजकेच प्रश्न पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरे छापील मिळतात. तेव्हा 'माझा प्रश्न टीव्हीवर आला नाही' म्हणून नाराज होऊ नका, छापील उत्तरही तितकेच बांधून ठेवणारे असते.

*अतारांकित प्रश्न* : लेखी उत्तर. शाळानिहाय, केंद्रनिहाय आकडे हवे असतील तर हाच बरा.

*लक्षवेधी सूचना* : विधानसभेत नियम १०५, परिषदेत नियम १०१. तातडीची आणि सार्वजनिक महत्त्वाची बाब. वर्गखोलीचे छत कोसळले, आहारातून विषबाधा झाली, तर ही. अधिवेशन चालू असतानाही देता येते, म्हणून घटना घडल्या दिवशीच टिपण पाठवा.

*अर्धा तास चर्चा* : नियम ९४, परिषदेत ९२. आधीच्या उत्तराने समाधान झाले नाही तर.

*औचित्याचा मुद्दा* सभागृहात वाचला जातो, त्याची क्लिपही छान निघते. पण मंत्र्यावर त्याच वेळी उत्तर देण्याचे बंधन नसते. आमदार 'औचित्य मांडतो' म्हणाले तर आभार माना आणि तारांकितचा आग्रह धरा.

७. वेळापत्रक

वर्षाला तीन अधिवेशने : अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रश्नांच्या सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. शेवटची तारीख विधानमंडळ सचिवालय कळवते आणि पीएला ती माहीत असते. अधिवेशनाची बातमी वाचून फाइल घेऊन निघालात तर तारांकितची वेळ गेलेली असते. दोन महिने आधी मसुदा पोहोचला पाहिजे, आणि माहिती अधिकाराचे ३० दिवस धरले तर तयारी तीन महिने आधी.

शिक्षक आणि वर्गखोल्यांचे विषय पावसाळीला चांगले, शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात. मात्र आषाढीच्या सुमारास जिल्ह्याचे निम्मे प्रशासन पंढरपुरात असते, कागद त्याआधीच मिळवा. निधीचे विषय अर्थसंकल्पी अधिवेशनाला. हिवाळी अधिवेशन छोटे असते, तिथे एकच ठोस प्रश्न न्यावा.

८. दिल्यानंतर

पोहोच घ्या. आठवड्याने पीएला एकदाच विचारा : सूचना ऑनलाइन दाखल झाली का, क्रमांक काय? तो क्रमांक मिळाला की निम्मे काम झाले. प्रश्न अस्वीकृत झाला तर कारण विचारा. ते दुरुस्त करून पुढच्या अधिवेशनात परत देता येतो.

प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयातून कार्यालयाला माहिती मागितली जाते. ह्या काळात तुम्हाला फोन येऊ शकतो : 'काम करून देतो, तेवढे आमदारसाहेबांना सांगा.' काम खरोखर होत असेल तर जरूर करून घ्या, पण आदेशाची प्रत हाती पडेपर्यंत प्रश्न मागे घ्यायला सांगू नका. आणि काम झाले तरी भाग (४) चे आकडे यायचेच आहेत.

दुसरा अनुभव उलटा. पंधरा दिवसांसाठी एक शिक्षक प्रतिनियुक्तीवर पाठवतात, उत्तरात 'पर्यायी व्यवस्था करण्यात आली आहे' असे छापतात, अधिवेशन संपले की तो मूळ शाळेत परत. यावर इलाज एकच : हजेरीपटाच्या तारखा लिहून ठेवा.

उपप्रश्नांसाठी आमदारांना अर्ध्या पानाचे टिपण द्या, पाठ्यपुस्तक नको. चारच ओळी : काय मान्य झाले, काय लपवले, कोणता आकडा विचारावा, कोणती तारीख मागावी. 'ही पदे किती तारखेपर्यंत भरणार?' याहून धारदार उपप्रश्न शिक्षण खात्यात तरी नाही.

उत्तर विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. वाचताना या शब्दांवर बोट ठेवा. 'अंशतः खरे आहे' म्हणजे मुद्दा मान्य, तपशिलावर भांडण. 'प्रस्ताव विचाराधीन आहे' म्हणजे प्रस्ताव आहे तरी. त्याची प्रत माहिती अधिकारात मागा. 'कार्यवाही करण्यात येईल', 'चौकशी करण्यात येईल' असे मंत्री सभागृहात म्हणाले तर ते आश्वासन ठरू शकते, आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. आमदारांना ते आश्वासन समितीच्या यादीत आले का हे पाहायला सांगा. उत्तर धडधडीत चुकीचे असेल आणि तुमच्याकडे त्याच कार्यालयाचा सही-शिक्क्याचा कागद असेल, तर सदस्य विशेषाधिकार भंगाची सूचना देऊ शकतात. ते हत्यार गंभीर आहे. झेरॉक्सवर नव्हे, प्रमाणित प्रतीवर उचलावे.

९. केंद्राचा विषय असेल तर

सोलापूर लोकसभा मतदारसंघात मोहोळ, शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि पंढरपूर येतात. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस माढा लोकसभेत. बार्शीचा खासदार धाराशिवचा, हे बार्शीबाहेरच्यांना सांगावे लागते.

लोकसभेत सूचनेला किमान १५ दिवस लागतात. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, क्रम सोडतीने ठरतो. प्रश्न १५० शब्दांच्या आत. विडी कामगार महिलांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचा विषय असेल तर अतारांकितच मागा : राज्यनिहाय आणि वर्षनिहाय किती अर्ज आले, किती मंजूर, किती प्रलंबित. महाराष्ट्राचा आकडा मिळाला की सोलापूरचा त्या कार्यालयाकडून माहिती अधिकारात काढता येतो.

१०. कोणीच प्रश्न लावला नाही तर

विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे नागरिकांचा अर्ज जाऊ शकतो; त्यासाठी एखाद्या सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते, आणि ती कोणत्याही मतदारसंघाच्या सदस्याची चालते. दरम्यान जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज विहित नमुन्यात, १५ दिवस आधी, आणि आधी तालुका पातळीवर गेलेला असावा. तिथले उत्तर समाधानकारक नसले तरी फाइलमध्ये लावा. पुढच्या अधिवेशनाच्या मसुद्यात भाग (२) साठी तोच कागद लागणार आहे.